आरटीएक्स ४०७० सुपरसाठी एसएमपीएस किती वॉटचा घ्यावा? (खानापूर तालुका, वीज वारंवार जाते)

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे इंटेल आय-५ १२४००एफ प्रोसेसरचा संगणक असून त्यात १६ जीबी रॅम, एक एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड आहे. बेंगळुरूला नोकरीला असलेल्या माझ्या थोरल्या भावाने आता मला आरटीएक्स ४०७० सुपर घेऊन दिले आहे. कार्ड घरी आले तरी ते अजून खोक्यातच आहे, कारण एसएमपीएसच्या (संगणकाच्या आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) बाबतीत जितक्यांना विचारले तितकी मते ऐकायला मिळाली.

बेळगावातल्या एका दुकानदाराचे म्हणणे असे की, सध्याचा ४५० वॉटचा एसएमपीएस चालून जाईल, फक्त कार्डासाठी एक कन्व्हर्टर वायर घ्यावी लागेल. दुसऱ्या दुकानात ८५० वॉटच्या खाली बघूच नका आणि घ्यायचा तर गोल्डच (कार्यक्षमतेच्या वरच्या दर्जाची खूण असलेलाच) घ्या, असे सांगण्यात आले. कोल्हापूरचा एक मित्र १००० वॉटवर ठाम आहे. कार्डाच्या खोक्यावर मात्र किमान ६५० वॉट एवढेच छापलेले आहे.

आमचे घर जांबोटी रस्त्याच्या बाजूला आहे. पावसाळ्यात झाडे तारांवर पडली की कित्येक तास वीज येत नाही, आणि उन्हाळ्यात शेतीपंप सुरू झाले की घरातल्या दिव्यांचा उजेड उतरतो. घरी एक इन्व्हर्टर आहे आणि संगणक सध्या त्याच्यावरच चालतो. किती वॉटचा एसएमपीएस पुरेसा होईल, गोल्डसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ आहे का, आणि आमच्याकडच्या विजेच्या परिस्थितीत आणखी कोणती काळजी घ्यावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे. खर्चाला मर्यादा आहेच, पण एवढे महाग कार्ड पुन्हा मिळण्यासारखे नाही, म्हणून चूक होऊ नये असे मनापासून वाटते.

वेदगंगा (निपाणी)

कार्ड खोक्यातच ठेवलेत हे फार चांगले केले. थेट उत्तर आधी देतो: नावाजलेल्या कंपनीचा ७५० वॉटचा, एटीएक्स ३.० किंवा ३.१ मानकाचा एसएमपीएस घ्या. जुन्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर हे कार्ड लावू नका आणि कन्व्हर्टर वायरीचा तर विचारही करू नका.

आता हिशेब पाहू. आरटीएक्स ४०७० सुपरची ठरवलेली कमाल वीज २२० वॉट आहे. तुमचा प्रोसेसर एरवी ६५ वॉटचा म्हणून ओळखला जातो, पण टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण जोर लावताना, तो ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून ५०-६० वॉट धरले तर बेरीज ४०० वॉटच्या आसपास येते. मग ६५० कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे कारण असे की, २२० वॉटची ही मर्यादा सरासरीवर मोजलेली आहे. आधुनिक कार्ड एखाद्या दृश्यात अचानक जोर लावते, तेव्हा मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी ते ठरवलेल्या मर्यादेच्या बरेच वर जाते. शेतातली मोटर सुरू होताना क्षणभर जसा जादा करंट ओढते, तसेच हे आहे. कमकुवत एसएमपीएसला तो झटका पेलवत नाही आणि खेळ ऐन रंगात असताना संगणक तडक बंद होतो. अशा वेळी लोक कार्ड खराब आहे असे समजून ते दुरुस्तीला पाठवतात आणि दोष घरातच राहतो.

हे लक्षात घेऊनच २०२२ साली एटीएक्स ३.० हे मानक आले. नव्या १६ पिनी जोडणीच्या आणि ४५० वॉटपेक्षा मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत सहन करावा, अशी त्यात अपेक्षा आहे. त्यामुळे चांगला ६५० वॉटचा एटीएक्स ३ एसएमपीएसही तुमचे काम करील. तरीही मी ७५० सुचवतो, कारण खेळताना संगणक साधारण निम्म्या भारावर राहतो. त्या टप्प्यात एसएमपीएस कमी तापतो, पंखा शांत राहतो आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यातही त्याला मोकळीक मिळते.

परंतु वॉटच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट एसएमपीएसच्या कडेला चिकटवलेल्या तक्त्यात असते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हे दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. त्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहे ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. चांगल्या ६५० वॉटच्या एसएमपीएसवर तेथे ५४ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ६४८ वॉट. स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये खोक्यावर मोठा आकडा असतो, आणि १२ व्होल्टच्या वाट्याला त्याच्या निम्मेही आलेले नसते. तुमच्या जुन्या एसएमपीएसचा तक्ता वाचून येथे लिहा.

गोल्डविषयी. ८० प्लस ही खूण फक्त कार्यक्षमता सांगते, आणि तीही सुमारे २३ अंश सेल्सिअस तापमानात मोजलेली. त्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझ ८५ टक्के आणि गोल्ड ९० टक्के धरले जाते. ३५० वॉट भारावर भिंतीतून ओढल्या जाणाऱ्या विजेत हा फरक २३ वॉटच्या आसपास पडतो. रोज ३ तास खेळलात तरी वर्षाला २५ युनिटच वाचतील. गृहज्योती योजनेत ज्यांचे बिल शून्य येते, त्यांना तेवढाही फरक जाणवणार नाही. म्हणून बिलासाठी गोल्ड घेऊ नका. गोल्डच्या वर्गात सहसा १०५ अंशांचे चांगले कपॅसिटर, सर्व संरक्षणे आणि ७ ते १० वर्षांची हमी मिळते, हे त्याचे खरे मोल आहे. पण तेही खुणेवरून गृहीत न धरता त्या त्या मॉडेलच्या माहितीत वाचावे. जादा करंट, जादा व्होल्टेज, जादा भार, शॉर्टसर्किट आणि जादा तापमान या पाचही संरक्षणांचा उल्लेख नसेल, तर तो एसएमपीएस कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. बाजारात सहज मिळणाऱ्यांपैकी कॉर्सेअर आरएम ७५०ई किंवा एमएसआय एमएजी ए७५०जीएल पाहावेत, असे मी सुचवीन.

टिळकवाडीकर (बेळगाव)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एका मुद्द्यावर वेगळे मत नोंदवतो. माझ्याकडे हेच कार्ड ६५० वॉटच्या एटीएक्स ३ एसएमपीएसवर चालते आणि आजवर एकदाही अडचण आलेली नाही. खर्चाला मर्यादा असेल तर ६५० घेऊन उरलेले पैसे यूपीएसकडे वळवावेत. १००० वॉटचा आग्रह मात्र मला पटत नाही. जे कार्ड तुम्ही कदाचित कधीच घेणार नाही, त्याच्यासाठी आज पैसे अडकवून ठेवण्यात काय हशील?

एसएमपीएस बेळगावात घ्या, कोल्हापुरात घ्या किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून मागवा, जीएसटी सगळीकडे सारखाच, १८ टक्के आहे. त्यामुळे बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पक्क्या बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि हमीच्या काळात वस्तू कोठे जमा करावी लागेल हे आधीच विचारून ठेवा. ७ वर्षांची हमी असली तरी त्यासाठी प्रत्येक वेळी बेंगळुरूला पार्सल पाठवावे लागणार असेल, तर तो खर्च आणि ते दिवसही हिशेबात धरले पाहिजेत.

मलप्रभाकाठ (खानापूर)

दोघांचेही आभार. कॅबिनेट उघडून तक्ता पाहिला. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिले आहे, आणि १२ व्होल्टच्या खाली १८ अँपिअर. म्हणजे २१६ वॉटच झाले. एकट्या कार्डालाच २२० लागतात, हे पाहून धक्का बसला. दुकानदाराने दाखवलेल्या कन्व्हर्टर वायरीच्या एका टोकाला हार्ड डिस्कला लावतात तशा साटा जोडण्या होत्या.

आणखी एक गोष्ट विचारायची राहिली. अनवाणी असताना कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. जुना एसएमपीएस बिघडल्यामुळे असे होत असेल का? नवा बसवल्यावर हे थांबेल का?

उद्यमबाग (बेळगाव)

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम पाहतो. संगणकांचा मी जाणकार नाही, पण शेवटचा प्रश्न वाचून उत्तर लिहिणे मला आवश्यक वाटले, कारण ४५० की ७५० यापेक्षा तो जास्त गंभीर आहे.

नवा एसएमपीएस बसवून त्या झिणझिण्या थांबणार नाहीत. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक, तसेच न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक, असे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग ठीक असेल तर त्यांतून जाणारा अत्यल्प करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंगच नसेल, तर कॅबिनेटचा पत्रा या दोन कपॅसिटरांच्या मधोमध लटकतो आणि त्याच्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. करंट फार थोडा असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या एसएमपीएसच्या आत खरोखर फेज पत्र्याला लागली, तर तुमचा जीव वाचवायला काहीही नाही, असा त्या झिणझिण्यांचा अर्थ आहे. शिवाय पडद्याची एचडीएमआय वायर किंवा कार्ड हाताळताना हाच दाब नाजूक भागांतून वाट शोधतो.

मल्टिमीटर असेल तर संगणकाच्या सॉकेटवर तीन मोजमापे घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट येतील, जवळजवळ तेवढेच फेज आणि अर्थिंगमध्ये आले पाहिजेत, आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येऊ नयेत. फेज आणि अर्थिंगमध्ये फारच कमी व्होल्ट दाखवले, तर तिसरी पिन नावापुरतीच आहे असे समजा. आपल्या भागात असे होण्याचे एक कारण जमिनीतच आहे. खानापूरकडे अनेक ठिकाणी खाली जांभा खडक लागतो. पावसाळ्यात तो ओला असेपर्यंत अर्थिंग बरे दाखवते आणि मार्चनंतर जमीन सुकली की ते निकामी होते. परवानाधारक वायरमनकडून अडीच मीटरची जीआय पाइप, कोळसा व मीठ घालून खड्डा नीट करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. जुन्या घरांत कधी कधी सॉकेटच्या अर्थिंगच्या पिनेला न्यूट्रलच जोडून दिलेले आढळते. तसे असेल तर ते ताबडतोब काढायला लावा. कोठे न्यूट्रल तुटले की साऱ्या पत्र्यावर फेज येते. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतली तर फारच उत्तम.

आता विजेच्या चढउताराविषयी. ज्या एसएमपीएसवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, त्याला पंपांमुळे दाब १८० पर्यंत उतरला तरी काही होत नाही. तो थोडा जास्त करंट घेऊन काम चालू ठेवतो. अशा एसएमपीएसच्या आधी स्टॅबिलायझर लावण्याची गरज नाही, उलट त्याच्या रिलेची सततची खटखटच त्रासदायक ठरते. खरा धोका उलट दिशेचा आहे. पावसाळ्यात फांदी पडून थ्री फेज लाइनचे न्यूट्रल तुटले, तर घरातल्या सॉकेटवर ३०० व्होल्टच्याही वर दाब येऊ शकतो. त्यासाठी मीटरनंतर जादा व कमी व्होल्टेजला पुरवठा तोडणारे उपकरण बसवा. विजांच्या कडकडाटासाठी एसपीडी (अचानक आलेला जादा दाब जमिनीकडे वळवणारे उपकरण) मिळते, मात्र तीही अर्थिंगशिवाय निरुपयोगी असते. आणि ढग गडगडू लागले की प्लग उपसून ठेवणे याला आजही पर्याय नाही.

इन्व्हर्टरवर संगणक चालवता, म्हणून हेही सांगतो. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा दोन स्थितींचे बटण असते. यूपीएसच्या स्थितीत तो सुमारे १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो. साध्या स्थितीत त्याहून जास्त वेळ लागतो आणि संगणक बंद पडतो. मात्र यूपीएसच्या स्थितीत दाब १८० च्या खाली गेला की तो लगेच बॅटरीवर उडी मारतो, त्यामुळे पंपांच्या वेळी बॅटरी विनाकारण उतरते. तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (खडबडीत, चौकोनी लहरींची वीज देणारा) असेल, तर नव्या एसएमपीएसमधील ॲक्टिव्ह पीएफसीशी (करंट सुरळीत ओढायला लावणाऱ्या सर्किटशी) त्याचे पटेलच असे नाही; भार वाढताच दोघांपैकी एक बंद पडण्याची शक्यता राहते. शक्य असेल तर संगणकासाठी प्युअर साइन वेव्हचा (लाइनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) वेगळा यूपीएस घ्या. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच देतो. नवे कार्ड, प्रोसेसर आणि पडदा मिळून खेळताना तेवढी वीज सहज घेतील, आणि वीज गेली की यूपीएस त्याच क्षणी मान टाकील. किमान १००० व्हीएचा आणि ६०० वॉट स्पष्ट लिहिलेला घ्या. त्यावर खेळत बसायचे नाही. काम जतन करून संगणक नीट बंद करायला जी काही मिनिटे लागतात, तेवढ्यासाठी तो असतो.

वेदगंगा (निपाणी)

उद्यमबागकरांनी लिहिलेले प्रत्येकाने वाचावे असे आहे. टिळकवाडीकरांचा मुद्दाही मला आता मान्य करावासा वाटतो: अर्थिंग, यूपीएस आणि एसएमपीएस असा तिन्हींचा खर्च एकदमच करायचा असेल, तर ६५० वॉटचा चांगला एटीएक्स ३ एसएमपीएस घ्या आणि वाचलेले पैसे अर्थिंगला द्या. क्रम मात्र तोच ठेवा; आधी अर्थिंग, मग कार्ड.

कन्व्हर्टर वायरीविषयी थोडे स्पष्ट करतो. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर, म्हणजे एका जोडणीतून ५४ वॉटच घ्यायचे असतात. त्याउलट ग्राफिक्स कार्डाची ८ पिनी जोडणी १५० वॉटसाठी असते. साटावरून ८ पिनी करून देणारी वायर या मर्यादा ओलांडते आणि तिचे प्लॅस्टिक वितळते. ज्या दुकानात अशी वायर तुमच्यासमोर ठेवली, तेथून एसएमपीएसही घेऊ नये असे माझे मत आहे.

बसवताना घ्यायची काळजी अशी. नव्या एसएमपीएसमध्ये १६ पिनी वायर थेट मिळाली तर तीच वापरा. कार्डाच्या खोक्यातला दोन ८ पिनी जोडण्यांचा अडॅप्टर वापरावा लागला, तर दोन्ही टोकांना एसएमपीएसकडून दोन स्वतंत्र वायरी आणा. एकाच वायरीची दोन डोकी लावू नका. १६ पिनी जोडणी पूर्ण आत गेली आहे, खाचेत बसली आहे आणि तिच्या कडेला फट दिसत नाही, हे बॅटरीच्या उजेडात पाहा. २०२२ मध्ये काही मोठ्या कार्डांच्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अर्धवट बसलेली जोडणी हे त्यामागचे एक मोठे कारण आढळले होते. पुढच्या सुधारित जोडणीत संवेदक पिना मुद्दाम आखूड केल्या, त्या यासाठीच की नीट न बसलेल्या जोडणीतून कार्डाने वीज घेऊच नये. तुमचे कार्ड २२० वॉटचे आणि जोडणी ६०० वॉटपर्यंतची, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. फक्त तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वायर वाकवू नका आणि कॅबिनेटचे दार तिच्यावर दाबून लावू नका.

मॉड्युलर (वायरी सुट्या काढता-लावता येणारा) एसएमपीएस घेतलात तर त्याच्यासोबत आलेल्याच वायरी वापरा. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती बदलते. मित्राकडची जास्तीची वायर अगदी बरोबर बसली तरी तिच्यातून डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात. त्याचप्रमाणे प्रोसेसरची ८ पिनी वायर आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनी वायर दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांतील १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या ओळी एकमेकींच्या उलट असतात. टोकावर लिहिलेले अक्षर वाचूनच लावा. जोर लावावा लागत असेल तर वायर चुकीची आहे असे समजून हात थांबवा.

अर्थिंगची तिन्ही मोजमापे आली की आकडे येथे कळवा. त्यानंतरच कार्ड खोक्यातून काढा.